मागच्या बाकावरचे ब्रदर

संत फ्रान्सिसच्या वाटेनं चालणाऱ्या आम्हा संसारी लोकांचा नाशिकमध्ये एक छोटा संघ आहे. महिन्यातल्या एका रविवारी मिस्साच्या उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये आम्ही दोन तास नम्रता शिकतो. मागच्या बाकासाठी तर आमच्यात चढाओढच असते, कारण पुढे बसणं नम्रपणाचं दिसत नाही.

त्या बाकावर खरं तर एक म्हातारे गृहस्थ बसायचे. देवळाली कॅम्पच्या बसनं येत. आम्ही जागा मागितली की मुकाट उठत आणि चहाच्या टेबलाकडे जात. मग बाह्या दुमडून आमचे कप विसळत, आणि प्रत्येक कप उजेडात धरून बघत.

एकदा बंधुभावावर चर्चा चालली होती. मी मोठ्या मनानं त्यांना म्हटलं, "ब्रदर, तुम्हीही दोन शब्द बोला ना."

"तुमचं चालू द्या," ते म्हणाले. "चहा वाळला की डाग निघत नाही."

याचा बंधुभावाशी काय संबंध, म्हणून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

गेले तीन महिने ते आलेले नाहीत. परवा त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं ठरलं, तेव्हा त्यांचं नाव कोणालाच सांगता येईना. आम्ही सगळ्यांनाच ब्रदर म्हणतो, त्यामुळे विचारायची कधी गरजच पडली नव्हती. शेवटी "आमच्या ब्रदरसाठी" अशी प्रार्थना केली. कोणते ब्रदर ते देवाला ठाऊक असणार, यावर एकमत झालं.

मग चहासाठी कप काढले. प्रत्येक कपाच्या तळाशी डाग होता, आणि तो घासून निघत नव्हता.