मुकुंदरावांचा पाना आणि माझी हातोडी

चार गाणारी-वाजवणारी माणसं एका सतरंजीवर बसली की गाणं होतं तासभर, आणि त्यावरच्या गप्पा जन्मभर पुरतात. आमच्या उज्जैनच्या मंडळाचं तसंच आहे. कोणी म्हणालं, "बाळाभाऊ, एखादा किस्सा होऊन जाऊ द्या," की माझ्या तोंडी पहिलं नाव मुकुंदरावांचं येतं. आवडीने नाही येत. जळफळाट होतो म्हणून येतं. इतकी वर्षं झाली, अजून होतो.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. ग्वाल्हेर संस्थान जाऊन आमचं मध्य भारत झालं होतं, आणि राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला तर उन्हाळ्यात इंदूरला असायची. सरकारला एक जागा नव्हती, पण मला होती. माधव नगरात दर शनिवारी संध्याकाळी आमचं मंडळ बसायचं. पेटीवर अण्णा, म्हणजे मंडळाचे सर्वेसर्वा. गायला कुमुदताई, मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. आणि त्यांच्या उजव्या हाताला, तबल्यावर, मी. दिवसा मी कचेरीत कारकुनी करायचो, पण माझी खरी नोकरी ती होती. गणपतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी मंडळाचं मोठं गाणं व्हायचं आणि मग संध्याकाळी क्षिप्रेवर विसर्जन. त्या दुपारी तबल्यावर बाळाभाऊ, हे सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं.

*

मी तबला कानाने लावायचो. हातोडी घ्यायची, वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकायचे, वरची कड ठोकायची, बोटाने टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा ठोकायचं. सूर काही हाक मारल्याबरोबर येत नाही. अण्णा म्हणायचे, "याचा तबला लागेपर्यंत मी दाढी करून येतो." एकदा खरंच करून आले.

त्याच दिवशी शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात एक पाय निखळलेला पाट. "भैया, खाती आया है ना? ये पाटा भी ठीक करवा दो." इकडे सुताराला खाती म्हणतात. अण्णांनी गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

आता बाईमाणसाला नाही कसं म्हणायचं? दिला पाय ठोकून. अण्णांनी पाटावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "बघा कुमुदताई, हा पहिल्या फटक्यात लागला."

*

मग बदली होऊन मुकुंदराव आले. सरकारी कचेरीत माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर, उंच, गोरे, आणि बोलणं असं गोड की राग धरायला जागाच नाही. त्यांच्या तबल्याला चामड्याची वादी नव्हती, गट्टे नव्हते. भोवताली पितळी सळ्या आणि खाली नट. एका मखमली पिशवीत छोटा पाना आणि वेगवेगळ्या सुरांचे दोन दातांचे पोलादी काटे. काटा गुडघ्यावर आपटायचा, त्याची दांडी पेटीच्या झाकणावर टेकवायची, की झाकण गुणगुणायला लागायचं. मग पान्याने नट फिरवत तबला त्या सुराला आणायचा. चहा आला तेव्हा त्यांचा तबला तयार होता. माझ्या बाबतीत चहा थंड होऊन दुसरा यायचा.

सगळी मंडळी तो काटा हातात घेऊन बघत बसली. मी नाही घेतला. मी म्हटलं, "तबला गाणाऱ्याला लावायचा असतो, लोखंडाला नाही." मुकुंदराव हसून म्हणाले, "खरं आहे तुमचं." वाद घालायचीही सोय ठेवली नाही या माणसाने.

घरी जाताना आमची ही म्हणाली, "किती सुटसुटीत हो त्यांचं सगळं!" लग्नाला इतकी वर्षं झाली होती, माझ्या वाट्याला तो शब्द एकदाही आला नव्हता. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

*

एकदा देवास गेटला एका व्यापाऱ्याकडे गाणं होतं, आणि अण्णांनी तबल्यावर मुकुंदरावांना बसवलं होतं. मुकुंदरावांनी मखमली पिशवी उघडली, तर पाना घरीच राहिलेला. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पान तोंडात घातलं. मनात म्हटलं, आता कळेल. हातोडी काय, कुठेही मिळते. नाही मिळाली तर दगड आहे.

ते शांतपणे उठले आणि समोर बस अड्ड्यावर गेले. येताना बरोबर एक ड्रायव्हर, त्याच्या हातात हे एवढं पान्यांचं भेंडोळं. एक पाना बसला. तबला लागला. ड्रायव्हर म्हणाला, "बाबूजी, थोड़ा सुन लूँ?" आणि बसला तिथेच.

ड्रायव्हर येईना म्हणून कंडक्टर आला. तोही बसला. मग प्रवासी आले, गाठोडी आणि पोरंबाळं घेऊन. व्यापाऱ्याने आतून आणखी जाजमं आणवली. आमच्या गाण्याला तशी गर्दी त्यापूर्वी कधी झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी जो भेटेल तो मला सांगत होता की मुकुंदरावांचं नाव ऐकून बसच्या बस रिकामी झाली.

*

पण माझाही दिवस आला असं मला वाटलं होतं. एका शनिवारी मुकुंदरावांनी तबला लावला आणि म्हणाले, "अण्णा, पेटी जरा उतरलेली वाटते. काट्याशी जुळत नाही."

ती पेटी अण्णांच्या वडिलांची. तिला अण्णा धूप दाखवायचे. मी लगेच म्हटलं, "काटाच खोटा असेल. पेटीला आणि माझ्या तबल्याला कधी भांडताना नाही ऐकलं आपण." अण्णा माझ्याकडे बघून मान हलवू लागले. मला तर गणपतीत तबल्यासमोर मांडी घालून बसलेला मीच दिसायला लागलो.

पेटी इंदूरच्या कारागिराकडे गेली. त्याने उघडून सांगितलं की सगळे स्वर खाली आलेत. अण्णांनी पुढच्या शनिवारी मुकुंदरावांचा सगळ्यांसमोर शाल-नारळ देऊन सत्कार केला. मग माझ्याकडे वळले. "बाळ्या, इतकी वर्षं तू तबला कशाला लावत होतास?"

"पेटीला."

"म्हणजे पेटी उतरली, तसा तूही तिच्यामागून उतरत गेलास. मग कानाने लावतो, कानाने लावतो म्हणून मिरवतोस कशाला?"

हे मला लागलं. गणपतीतली जागा जाणार याचं दुःख होतंच. पण माझ्याजवळ कान सोडून दुसरं होतं काय? आणि तोच सगळ्यांसमोर खोटा ठरला होता.

*

त्या गणपतीत शेवटच्या दुपारी तबल्यावर मुकुंदराव बसले. मला अण्णांच्या शेजारी बसवलं, टाळ घेऊन. म्हणजे अगदी मुकुंदरावांच्या समोर. आमची ही पहिल्या ओळीत होती.

पाऊस सुरू होता. दमट हवेत कातडं सैल पडतं, तबला उतरतो. दुसऱ्या गाण्यातच मला ते कानात टोचायला लागलं. कुमुदताई थांबणाऱ्यातल्या नाहीत, एका गाण्यातून दुसरं सुरू करायच्या. त्यांची आलापी चालू, टाळ-तबला थांबलेला. मुकुंदरावांनी हळूच काटा आपटून कानाशी नेला, पण गाण्याच्या आवाजात त्यांना तो ऐकू येईना. पेटीच्या झाकणापर्यंत हात पोहोचत नव्हता. घाम फुटला माणसाला.

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी खाली बघायला पाहिजे होतं. तसं ठरवलंही. एवढी संधी पुन्हा येणार होती का? पण तो उतरलेला तबला मला सहन होईना हो. दातात खडा आल्यासारखं होतं ते. मी भुवई वर केली. त्यांनी नट फिरवला, बोटाने टिचकी मारली. आणखी वर, मी भुवईनेच सांगितलं. पुन्हा फिरवला. आणखी किंचित. मग मी मान हलवली, बस. आलापी संपली, समेवर तबला पडला तो बरोबर कुमुदताईंच्या सुरात.

गाणं संपेपर्यंत आमचं हेच चाललं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रसाद घेताना अण्णा सगळ्यांना सांगत होते, "एवढा पाऊस, पण तबला जागचा हलला नाही. याला म्हणतात यंत्र." मी आणखी एक मोदक उचलला.

*

पुढे मध्य भारतही गेलं. नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला, आणि मुकुंदरावांची कचेरी उचलून तिकडे गेली. स्टेशनवर पोचवायला गेलेल्या मंडळींत सगळ्यांचे डोळे ओले होते. माझेही थोडे. गाडी सुटल्यावर मी घरी येऊन हातोडी शोधली.

नंतरच्या गणपतीत मी पुन्हा माझ्या जागेवर बसलो. पाऊस तसाच. मुकुंदराव रजा काढून मुद्दाम भोपाळहून आले होते. अण्णांनी त्यांना हार घातला आणि आपल्याशेजारी बसवून हातात टाळ दिले. मी म्हटलं, बघच आता. त्या दिवशी मी जसा तबला लावला तसा जन्मात लावला नव्हता. प्रत्येक आलापीत हातोडीचा हलकासा ठोका आणि सूर जागेवर. काटा नाही, भुवई नाही, कोणी समोरून मान हलवली नाही.

शेवटची भैरवी झाली. कुमुदताई माझ्याकडे वळल्या. त्यांनी आजवर कधी माझी तारीफ केली नव्हती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वा, बाळाभाऊ. आज तबला अगदी मुकुंदरावांच्या यंत्रासारखा लागला होता."

टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मुकुंदरावांनी टाळ खाली ठेवले. "ताई, यंत्र कसलं? त्या वर्षी माझा तबला समोर बसून यांनीच लावला. मी नुसता पाना फिरवत होतो."

मग अण्णा उठले, त्यांचे डोळे भरून आले होते. ते सरळ मुकुंदरावांकडे गेले आणि त्यांना मिठी मारली. "असं दुसऱ्याला श्रेय द्यायला काळीज लागतं," म्हणाले. मागून कोणीतरी म्हणालं, "क्या बात है, मुकुंदराव." सगळी मंडळी त्यांच्याभोवती जमली.

विसर्जनाला जाताना टांग्यात आमची ही पदर सावरून बसली. मग म्हणाली, "किती मोठ्या मनाचा माणूस हो!"

मी हातोडी मांडीवर घेऊन बसलो होतो. टांगेवाल्याला म्हटलं, "भैया, ज़रा जल्दी चलाओ."