पडद्यावरच्या बाईला नाव विचारणाऱ्या मंदाअक्का

प्रा. मंदाकिनी सोनवणे यांचे पहिले दर्शन मला धुळ्याच्या आमच्या महाविद्यालयातील सभागृहात झाले. मी साक्री तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या गावातून नुकतीच शिकायला आले होते. मराठी विभागातर्फे दर शनिवारी एक हिंदी किंवा मराठी चित्रपट दाखवला जाई आणि नंतर त्यावर चर्चा होई. चर्चा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते, मी चित्रपटासाठी गेले होते.

त्या चित्रपटात एका श्रीमंत घरातला नोकर होता. तो काही बोलला की सभागृह हसे. मीही हसत होते. मध्येच दिवे लागले. सुती साडी नेसलेल्या, ठेंगण्या बांध्याच्या एक बाई पुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी शांतपणे विचारले, "तो नोकर बोलतो कसा?"

कोणीतरी मागून म्हणाले, "गावठी बोलतो, मॅडम."

"आणि तुमची आई घरी कशी बोलते?"

माझी आई घरी जशी बोलते त्याच्या अगदी जवळचे ते बोलणे होते, आणि तेवढ्यावरूनच तो माणूस मूर्ख आहे असे मी धरून चालले होते. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, "त्या घरात सारखा चहा घेऊन येणारी एक बाई आहे. तिचं नाव काय?" नायकाच्या कुत्र्याचे नाव सगळ्यांना सांगता आले. त्या बाईचे नाव कोणालाच सांगता आले नाही, कारण तिला ते दिलेलेच नव्हते. "सगळं घर तिच्या हातचं खातं," बाई म्हणाल्या, "आणि हाक मारायला तिला नाव नाही. आता पुढचा भाग पाहू."

चित्रपट तोच होता, पण माझे डोळे बदलले होते. विद्यार्थी त्यांना मंदाअक्का म्हणत. त्या दिवसापासून मीही म्हणू लागले.

अक्कांचे बालपण बोदवडला गेले. वडील रेल्वेच्या रुळांवर काम करीत. गावात तंबूतला सिनेमा आला की त्यांच्या वस्तीतल्या माणसांना पडद्याच्या मागल्या बाजूला बसवत. तिथून चित्राचे डावे-उजवे उलटे दिसे. अक्का हसत सांगतात, "बरीच वर्षं मला वाटायचं, सगळे नट डावखुरे असतात." त्यांच्या आवाजात तक्रार नसते. पण पडद्यासमोर कोण बसते, मागे कोण बसते आणि पडद्यावर कोण दिसतच नाही, हे तीन प्रश्न त्यांनी तिथूनच उचलले असावेत असे मला वाटते. पुढे त्यांनी मराठीच्या प्राध्यापक म्हणून सबंध नोकरी धुळ्यात केली. पाचोऱ्यापासून साक्रीपर्यंत किती गावांत त्यांनी चित्रपट नेले आणि लोकांना बोलते केले, याचा हिशेब त्यांनी स्वतः कधी ठेवला नाही.

माझे आयुष्य ज्या प्रसंगाने वळले तो मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. मी दुसऱ्या वर्षाला असताना एक हिंदी चित्रपट फार गाजत होता. त्यातला नायक नायिकेच्या मागे लागतो, तिची वाट अडवतो, भर बाजारात तिची ओढणी ओढतो आणि शेवटी ती त्याच्या प्रेमात पडते. आमच्या महाविद्यालयातल्या एका मुलाने हे सगळे माझ्यावर करून पाहायला सुरुवात केली. बसस्टँडवर तो समोर उभा राही आणि त्या चित्रपटातली वाक्ये म्हणे. त्याच्याबरोबरची मुले टाळ्या वाजवीत. एके दिवशी आमच्या गावातल्या कोणीतरी ते पाहिले आणि संध्याकाळच्या आत ती बातमी माझ्या वडिलांपर्यंत पोहोचली. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. माझी पेटी तेवढी धुळ्याहून परत आणली आणि स्थळे पाहायला सुरुवात केली.

मी शनिवारी दिसले नाही म्हणून अक्कांनी चौकशी केली. दोन बस बदलून त्या आमच्या गावी आल्या. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी आधी पाणी मागून घेतले आणि मग आबांशी आमच्याच बोलीत बोलू लागल्या. ती बोली त्यांची नव्हती. पूर्व खानदेशातून आलेल्या या बाई ती धुळ्यात मुद्दाम शिकल्या होत्या.

"भाऊ, तुम्हनी पोरनं काय चुकनं?"

"मनी पोर खराब नही शे, अक्का," आबा म्हणाले. "पन जग खराब शे. लोके काय म्हनतीन?"

अक्कांनी वाद घातला नाही. निघताना त्यांनी मला गोठ्याजवळ बोलावले आणि विचारले, "तोच चित्रपट मी तुझ्या गावात दाखवला तर चालेल? तुझं नाव कुठेही निघणार नाही. तू नको म्हणालीस तर नाही दाखवणार." तोवर त्या सगळ्या प्रकरणात मला काय हवे आहे हे कोणीच विचारले नव्हते. मी मानेनेच हो म्हटले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी, शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लागली. अक्कांनी महाविद्यालयातून प्रोजेक्टर आणला होता. सगळे गाव जमले. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. आबा पुरुषांत मागे बसले होते. हा चित्रपट त्यांनी धुळ्याला मित्रांबरोबर पाहिला होता आणि त्यांना तो आवडलाही होता. नायकाने वाट अडवली तशा शिट्ट्या सुरू झाल्या. ओढणी ओढली तेव्हा बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. तेवढ्यात अक्कांनी चित्र थांबवले. नायिकेचा चेहरा भिंतभर पसरून स्थिर झाला.

"आता फक्त हिच्या तोंडाकडे पाहा," अक्का म्हणाल्या. "गाणं नाही, तो नाही. फक्त हिचं तोंड. हिला काय होतंय?"

मग आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "ती घाबरनी शे, बाई."

अक्कांनी चित्र पुन्हा सुरू केले. गाणे सुरू झाले आणि ते संपता संपता नायिका लाजून हसली. अक्कांनी परत थांबवले. "घाबरलेली पोर एका गाण्यात हसायला लागली. आपल्याकडे असं होतं का, काकू?"

"नही," काकू म्हणाल्या. "आमनाकडे ती पोर शाळा सोडस."

त्यानंतर शिट्टी वाजली नाही. ज्या दृश्यांना एरवी हशा येई, तिथे माणसे एकमेकांकडे पाहत होती. अक्कांनी भाषण केले नाही, माझे नाव घेतले नाही, आबांकडे पाहिलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बैलांना पाणी दाखवून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "त्या पिच्चरले मी बी शिट्ट्या मारेल व्हत्यात," ते म्हणाले. मग म्हणाले, "सोमवारले कॉलेजले जाय." आबांना मान खाली घालून बोलताना मी तेव्हा प्रथम पाहिले. मी सोमवारी गेले. अक्का प्राचार्यांच्या दारात ठाण मांडून बसल्या आणि त्या मुलाच्या आईवडिलांना बोलावून घ्यायला त्यांनी प्राचार्यांना भाग पाडले. त्याने माझा पाठलाग पुन्हा केला नाही. आज मी जळगावला प्राध्यापक आहे ती त्या सोमवारमुळे.

अक्कांची प्रत्येक गोष्ट अशी सुफळ होतेच असे नाही, आणि ते त्या लपवत नाहीत. काही वर्षांपूर्वी साक्रीच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवर एका चित्रपटाचे चित्रीकरण होणार होते. गर्दीच्या दृश्यासाठी तिथल्या बायका हव्या होत्या. त्यांना सांगण्यात आले की अंगावर फाटके लुगडे हवे, गरिबी दिसली पाहिजे. बायकांनी अक्कांना बोलावले. अक्कांनी दिग्दर्शकाला सांगितले, "चार माणसांत जाताना या फाटकं नेसत नाहीत. तुम्हाला यांची गरिबी दाखवायची असेल तर यांचा नेटकेपणाही दाखवावा लागेल, नाहीतर ते चित्र खोटं." दिग्दर्शकाने ऐकून घेतले आणि चित्रीकरण दुसरीकडे नेले. बायकांचे ठरलेले काम गेले. अक्का म्हणाल्या, "माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं." त्यातली एक तरुण बाई म्हणाली, "तुम्ही नसत्या आल्या तरी मी फाटकं नेसले नसते." त्या दिवशी अक्का त्यांच्याबरोबर नागलीची भाकरी खाऊन परतल्या. हा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज आजही खाली येतो. बरोबर असण्याची किंमत दुसऱ्याला पडू शकते, हे ज्यांना कळते त्यांच्याविषयी मला अपार आदर वाटतो.

आता त्या धुळ्यात, देवपुरातल्या घरी असतात. नजर मंदावली आहे, पण पाहणे थांबलेले नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या विद्यार्थिनींनी मोबाईलवर एक छोटा चित्रपट तयार करून त्यांना नेऊन दाखवला. त्यात एक घरकामाची बाई मुख्य भूमिकेत होती. मुलींना शाबासकीची अपेक्षा होती. अक्कांनी ती दिलीही. मग पडद्याला डोळे लावून विचारले, "ही बसते कधी?" मुली गोंधळल्या. संपूर्ण चित्रपटात ती बाई एकदाही बसलेली नव्हती. परतीच्या बसमध्ये मुली त्यावरच बोलत होत्या. मी तर इतकी वर्षे त्यांच्याजवळ बसून पाहायला शिकले आणि तरीही ते मला दिसले नव्हते.

या गौरवग्रंथासाठी मी लिहिते आहे हे कळल्यावर अक्कांचा फोन आला. "लिही, पण मला देवी करू नकोस," त्या म्हणाल्या. "सिनेमात बायांचं तेच करतात. देवी, नाहीतर दासी. मधलं माणूस गाळून टाकतात."

तेव्हा माणसाविषयी सांगते. अक्का चटकन रागावतात. डॉक्टरांनी मनाई केलेली झणझणीत शेवभाजी त्या मागून खातात. गुडघे दुखतात ते मान्य करीत नाहीत. रडके चित्रपट पाहताना त्या रडतात आणि दिवे लागल्यावर त्यातल्या चुका सांगतात. पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्या या माणसाला गाढ झोप लाभो, चालते पाय लाभोत, शेवभाजी पचो आणि पुढची पुष्कळ वर्षे शनिवारी संध्याकाळी वाद घालण्याजोगे चित्रपट मिळोत. वाद घालायला त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आमच्यापैकी कोणीतरी दर शनिवारी असेल.