मागचा काळा दगड

ऑनोरीन शासांने नवऱ्याला गावच्या भट्टीत जाळलं, असं आमच्या ला व्हेर्नेद गावातलं पोर न् पोर सांगतं. साफ खोटं. तिचा आंब्र्वाझ जिवंत आहे, खाली शहरात एका केस कापणाऱ्या बाईबरोबर राहतो आणि दर नाताळला कार्ड पाठवतो. ऑनोरीन ते उलटसुलट बघते, श्वास आत ओढत ‘हं’ म्हणते आणि चुलीत घालते. जळतं ते तेवढंच.

पावाची ही भट्टी चर्चमागे आहे, बाहेरून काळ्या ज्वालामुखी दगडाची, आतला घुमट फिक्या दगडांचा. एके काळी इथे भाजायचं तर वीस पावांतला एक जहागीरदाराला द्यावा लागे. राजा गेला, जहागीरदार गेला, भट्टी गावाची झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ऑनोरीन तिची शेवटची जाणती. आईच्या हाताखाली इथेच शिकलेली. पण गेली सव्वीस वर्षं भट्टी थंड होती. कचऱ्याची गाडी वळायला जागा हवी, म्हणून ती पाडायची असं मेयर रेमी बोआसेने ठरवलं. दोनदा खाकरल्याशिवाय त्याच्या तोंडून वाक्य निघत नाही.

“खुः, खुः. काकू, भट्टी मेलीय.”

“मेल्याचं सर्टिफिकेट डॉक्टर देतो, रेमी. तू गाई विकतोस.”

“घुमट कोसळला म्हणजे?”

“रविवारी गावच्या उत्सवाला पाव भाजून दाखवते. कच्चे निघाले, करपले, तर पहिला घाव मीच घालीन.”

गुरुवारी तिने जेमतेम ऑम्लेटपुरती आग पेटवली.

“मांजर शेकायचंय का, काकू?” कॅफेवाली सोलांज दारातून ओरडली.

“मांजर नाही गं, दगड. सव्वीस वर्षांची ओल प्यायलेत. एकदम पेटवलं तर फुटतील.”

शुक्रवारी आग थोडी मोठी, शनिवारी आणखी. तापलेल्या बाळाच्या कपाळावर ठेवावा तसा ती भिंतीवर तळहात ठेवून बघायची.

रविवारी सकाळी सगळं गाव चर्चमागे. राय नावाच्या धान्याच्या मळलेल्या पिठाचे बत्तीस गोळे फडक्याखाली फुगत होते. आधी काजळीने घुमट काळाकुट्ट झाला, मग आच वाढली तशी काजळी जळून एकेक दगड पांढरा पडू लागला. मागचा एक मात्र काळाच राहिला. मेयरने पिस्तुलासारखा थर्मामीटर काढला.

“खुः, खुः. तीनशे दहा अंश! टाका आता, नाहीतर कोळसा!”

“कुठे लावलास रे तो?”

“भट्टीच्या तोंडाशी.”

“तोंड तुझंही गरमच असतं. मागे बघ. तो दगड पांढरा झाला की भट्टी तापली.”

लोक हसले, पण कुजबुजलेही. पुढेच उभी असलेली मीही यंत्राच्याच बाजूची. “कोळसाच होणार, काकू,” मी म्हटलं.

“लावतेस पैज? हरलीस तर भट्टी निवली की कोपऱ्यांतली राख तू काढायची. आत शिरून.”

“लावली!”

तिने आणखी दोन मोळ्या आत सारल्या. चुकली असती तर आईच्या भट्टीवर तिलाच घण घालायचा होता. मागचा दगड करडा झाला, राखेसारखा झाला आणि बघता बघता पांढरा पडला. तिने निखारे ओढून काढले, ओल्या फडक्याने तळ पुसला आणि चक्क खुर्ची घेऊन बसली.

“आता काय?” मेयर खाकरायचंही विसरला.

“दम खाऊ दे भट्टीला. आच सगळीकडे सारखी होऊ दे.”

थोड्या वेळाने तिने मूठभर पीठ आत फेकलं. ते जळलं नाही, सावकाश तांबूस झालं. “हं,” तिने श्वास आत ओढला, गोळे सारले, दार लावून फटी कणकेने लिंपल्या.

तासाभराने पहिला पाव बाहेर आला. तिने तो उलटा करून बोटाने ठोकला. ढोलासारखा वाजला, म्हणजे आतपर्यंत भाजलेला! बत्तीसच्या बत्तीस तसेच वाजले. लोणी लावलेला तिसरा तुकडा गिळून मेयर म्हणाला, “गाडी माझ्या अंगणात वळेल.” सोलांजने काकूचे गाल मुके घेऊन लाल केले, आणि पिठाने माखलेले दोन्ही हात वर करून काकू सगळ्या गावासमोर उभी राहिली.

बुधवारी निवलेल्या भट्टीबाहेर माझे फक्त पाय दिसत होते, आणि मागून खुर्चीतून आवाज येत होता, “डावीकडे राहिलंय गं!”