पाण्याबरोबर पापड

गाव सोडलं त्या दिवशी फाट्यावर आम्हाला निरोप द्यायला निम्मं गाव लोटलं होतं, असं मी इथं सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे आई होती आणि एक शेळी होती. शेळीसुद्धा आईच्या पदरात पाला होता म्हणून आलेली. आईनं माझ्या बायकोच्या, सुमनच्या, तळहातावर दही घातलं आणि मला बजावलं, "ज्या दारात गूळपाणी पुढं करतील तिथंच बूड टेक. नुसतं पाणी दिलं तर उभ्यानं पी अन् निघ."

या हिशेबानं उल्हासनगरात मी कित्येक महिने उभाच होतो. कॅम्प चारमध्ये भाड्याची खोली, अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम. खाली सिंधी, समोर तमिळ, वर भय्ये. गुळाचा खडा कुणाच्याच दारात नाही.

गावाकडच्यांनो, मी बूथवरून फोन करायचो ते आठवत असेल. इथला सिंध्यांचा पकवान, म्हणजे तळलेली कडक पुरी, एवढा मोठा की अर्धा खावा आणि उरलेल्या अर्ध्याखाली पावसात उभं राहावं. अंबरनाथच्या जुन्या देवळाजवळच्या इडलीवाल्या अण्णाची चटणी इतकी जहाल की देवळातला दगडी नंदी एकदा उठून नळावर गेला, मी डोळ्यांनी पाहिला. तुम्ही तिकडं खो खो हसायचात. तेव्हा बोलायला म्हणून सोबत आलेली सुमन बाहेर गटारापाशी वाकून ओकत असायची. तो आवाज तुम्हाला जाऊ नये म्हणून मी बूथचं दार ओढून घ्यायचो आणि नंदीला आणखी पळवायचो.

तिला दिवस गेले होते. पहिलं मूल गावी असंच पोटातच गेलं होतं, आणि आता पुन्हा तिच्या पोटात पाण्याचा घोट ठरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, काहीतरी खाऊ घाला हिला. असंच चाललं तर मी बाळाची खात्री देणार नाही."

मग मी सुटलो. मित्राची स्कूटर घेतली आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही गावांतली एक चूल सोडली नाही. कॅम्पातली दाल-पकवान आणली, कढी-चावल आणला. अण्णाची इडली आणली. बदलापूर गावात एका आगरी मावशीकडून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून घेतली. मावशी म्हणाली, "घेऊन जा रं, मेलेला पन उठून जेवंल." सुमन उठली खरी, पण पुडा उघडताच मोरीकडं पळाली. मग टाकायचं कसं म्हणून ते सगळं मीच खायचो. ती काडी होत चालली आणि माझ्या पँटचं बटण तुटलं. त्या तुटलेल्या बटणाकडं बघून मी दाराआड रडलो, ही मात्र थाप नाही.

एका रविवारी तिनं पत्र्याची पेटी भरली. म्हणाली, "मला गावाला नेऊन सोडा. इथलं पाणीसुद्धा मला ओळखत नाही."

"एकदा बदलापूरच्या बेलवलीला जाऊन येतो," मी म्हणालो. "तिथं एक मालवणी बाई सोलकढी करते. फक्त एवढं बघू."

सोलकढीचा थर्मास घेऊन परत आलो तर दाराला कुलूप. पेटीही नाही. सुमन एकटीच निघाली होती. जिन्यावरून मी उतरलो की पडलो ते सांगता येत नाही, पण खालच्या मजल्यावर तिची पेटी दिसली. पेटी अम्माच्या दाराशी होती. अम्मा म्हणजे खालची सिंधी म्हातारी. तिनं गच्चीवरून हाक मारली तर कल्याणातली माणसं ओ देत.

आतून कुरकुर असा आवाज येत होता.

सुमन जमिनीवर बसली होती. एका हातात भाजलेला पापड, दुसऱ्यात पाण्याचा पेला. चिमणीच्या चोचीएवढा तुकडा, मग घोट. पुन्हा तुकडा. मी दारातच श्वास धरून उभा राहिलो. आता उलटी होईल, मग होईल.

"आ गया हलवाई!" अम्मा गरजली. "पूरा बाजार उठाके लाया रोज. बीमार को खिलाता है के बारात को?"

"अम्मा, तुम्ही हिला काय दिलं?"

"क्या दिया? सीढ़ी पे चक्कर खाके बैठी थी, अंदर लिया. हमारे में कोई घर आए तो पानी अकेला नहीं देते, साथ में पापड़ देते हैं. बँटवारे में सिंध से सब छोड़के आए ना, कैंप की बैरक में आटा नहीं था, तब भी मेरी माँ पापड़ देती थी." मग माझ्याकडं बघून, "बैठ पुट, बैठ बेटा. खंभा है क्या तू?"

मी बसलो. इथं आल्यापासून पहिल्यांदा कुणाच्या घरात बसलो. सुमनच्या पोटात पाणी ठरलं. दुसऱ्या दिवशीही ठरलं. पेटी वर मीच नेली.

पोरगी आता चार वर्षांची आहे. यंदा गावी गेलो तर आईनं अंगणातच गूळपाणी आणलं. पोरगी खडा हातात धरून आजीच्या मागं, चुलीकडं बघत राहिली.

"आजी, पापड?"

"जेवताना देते की, बाय."

"नाही. पाण्याबरोबर."

आईनं माझ्याकडं पाहिलं. दगडाचा नंदी चालवणारा मी, चपलेनं अंगणातली माती उकरू लागलो. आई आत गेली, निखाऱ्यावर पापड भाजून आणला, एका कडेनं जळालेला, आणि नातीच्या हातात दिला. पोरगी फतकल मारून बसली.

मग आई मला म्हणाली, "बस की रं. पाहुण्यासारखा उभा का?"

हातात गूळपाणी होतं, आणि तरी मी उभाच होतो, पापडाची वाट बघत.