गप्प बसायची नोकरी

फेब्रुवारी आला की कानाझावातल्या त्या क्लासमध्ये नुकुई चिनात्सुला गप्प बसायचं काम असायचं. खरंच, कामच होतं ते. त्या बदल्यात तिची फी माफ होती आणि दुपारचं जेवण स्टाफबरोबर.

मेडिकलची लेखी पास झालेल्या पोरांना दुसऱ्या फेरीत गटात बसवतात. सहा पोरं, समोर प्रोफेसर मंडळी, एक विषय देतात आणि म्हणतात, हं, करा चर्चा. कोण किती हुशार बोलतं त्याला फारशी किंमत नसते. कोण दुसऱ्याला बोलू देतं, कोण ऐकतं, कोण अंगावर येत नाही, ते बघतात, कारण उद्या हीच पोरं पेशंटसमोर बसणार. म्हणून क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतात. गटात कोणीतरी एक जण गप्प असतोच, त्याला हेरा आणि हळूच बोलतं करा. प्रोफेसर खूश.

आता सरावाला गप्प बसणारं कोणीतरी हवं ना! पोरं तर सगळी तोंडाळ. मग माकिनो सर, क्लासचे मालक, चिनात्सुला खुर्चीत बसवायचे.

"नुकुईसान, तुझा चेहराच त्यातला आहे. लोकांना शिकून येत नाही असा चेहरा."

"ही स्तुती आहे का सर?"

"स्तुतीच. आज जरा रडवेली गप्प बस. काल नुसती झोपाळू वाटत होतीस."

काल ती खरंच झोपाळू होती. सांगितलं नाही.

तर ती मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसायची. कोणीतरी विचारायचं, तुम्हाला काय वाटतं? ती म्हणायची, "मला... अजून नीट सुचत नाहीये. माफ करा." मग पोरांनी थांबायचं, धीर द्यायचा, सोपा करून परत विचारायचं, ती काहीतरी बारीकसं बोलायची, सगळ्यांनी आभार मानायचे. संपलं की चिनात्सु ताठ बसायची आणि एकेकाला धुवायची.

"तू मला विचारताना घड्याळाकडे बघत होतास. आणि तू, मिओरी, नुसती मान वळवू नकोस, पोलिसासारखी वाटतेस. खांदा वळव. अख्खा."

मिओरी एकोणीस वर्षांची, जीभ कात्रीसारखी. खांदा वळवून म्हणाली, "चिनात्सुसान, तुम्ही घरी पण अशाच गप्प?"

"घरी जास्त. तिथे तर फी पण माफ नाही."

पोरं हसली. ती पण हसली. पण खरं सांगायचं तर तिला आता हसायचाही कंटाळा आला होता.

चिनात्सु पंचवीस वर्षांची. शाळा सुटल्यापासून दर वर्षी परीक्षा, दर वर्षी नापास, अर्धी विद्यार्थिनी अर्धी स्टाफ, धड इकडे नाही धड तिकडे नाही. तिच्या वर्गातली सायोको डॉक्टर होऊनसुद्धा मोकळी झाली. नवीन वर्षाला सगळ्या मैत्रिणी जमल्या होत्या, मधे मोठं पातेलं उकळत होतं, आणि सायोको जेवता जेवता टेबलावर डोकं ठेवून झोपूनच गेली. किती ड्युट्या करते बिचारी, म्हणत कोणीतरी तिच्या अंगावर कोट टाकला. चिनात्सु समोर बसून बघत होती. आपणही एवढेच दमलोय असं तिला आतून ओरडून सांगावंसं वाटलं. पण तिच्या अंगावर कोण कोट टाकणार? तू काय केलंस दमायला, असंच म्हणतील ना! डॉक्टर होऊन दमलं तर मान आहे. न होऊन दमलं तर लोकांपासून तोंड लपवावं लागतं.

तिचे बाबा तोयामाच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावात डॉक्टर. सत्तरी उलटलेली. दवाखाना त्यांनी चिनात्सुसाठी चालू ठेवला होता, ती येईल आणि खुर्चीत बसेल म्हणून. पेशंट फीबरोबर मासा आणून देत आणि विचारत, मुलगी कधी येणार? बाबा म्हणत, येईल येईल. गेल्या हिवाळ्यात त्यांना सुई टोचायला दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागला, तेव्हा आईने फोनवर चिनात्सुला सांगितलं, आणि मग बाबांनी फोन घेतला.

"ह्या वर्षी परीक्षेला बस. झालं तर झालं, नाही तर मी दवाखाना बंद करतो. तुझ्यावर ओझं म्हणून नाही सांगत."

"हो बाबा."

ओझं म्हणून नाही म्हटलं की ते दुप्पट होतं, पण हे बापाला कोण सांगणार.

आणि नेमकी ह्याच वर्षी ती लेखी पास झाली! किती वर्षांनी! एका खासगी कॉलेजची दुसरी फेरी. माकिनो सरांनी अख्ख्या क्लासला तांदळाची गोड मोची खाऊ घातली आणि म्हणाले, आता हिला बोलायला शिकवा. आठवडाभर तिला वेगळ्या खुर्चीत बसवलं आणि दुसऱ्याच कोणाला गप्प केलं. ती मस्त बोलत होती, मुद्देसूद, मऊ, कोणाला न तोडता. "अगं तुला येतं की सगळं!" सर म्हणाले. येणारच. एवढी वर्षं खाली मान घालून ती ऐकतच तर होती.

परीक्षेच्या दिवशी बर्फ पडत होता. छातीवर ए ते एफ अशी अक्षरं चिकटवली. नाव नाही सांगायचं, शाळा नाही सांगायची, फक्त अक्षर. चिनात्सु डी. आत गेल्यावर बघते तर बी-च्या खुर्चीत मिओरी. दोघींनी ओळख दाखवली नाही. दाखवायची नसतेच. पण मिओरीचे कान लाल झाले.

विषय आला. तुमचे एक पेशंट आहेत, वय ब्याऐंशी, नजर अधू झालीय, पण गाडी चालवायची सोडत नाहीत. तुम्ही डॉक्टर म्हणून काय कराल?

आणि सुरू झाली गंमत. म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही. चर्चा कोण चालवणार ह्यावर आधी सगळे एकमेकांना म्हणत बसले, "तुम्ही घ्या ना." "नाही नाही, तुम्हीच घ्या." "मला चालेल, पण इतरांना हवं असेल तर..." शेवटी ए-ने घेतलं. मग प्रत्येक जण म्हणाला की पेशंटच्या भावना समजून घ्यायला हव्यात. प्रत्येक जण म्हणाला की घरच्यांना सामील करून घ्यायला हवं. गावात बस वाढवायला हवी. प्रत्येक जण बोलून झालं की हसून मान हलवायचा आणि डोळे मात्र गोल फिरवायचा. चिनात्सुने ते डोळे लगेच ओळखले. सगळे गप्प बसणारा शोधत होते! सहा जणं, सहाही जणं कुठल्या ना कुठल्या क्लासमध्ये तयार झालेली, सगळ्यांना कोणाला तरी वाचवायचंय, आणि बुडतच नाहीये कोणी.

तिला खरंच एक मुद्दा सुचत होता. नीट मांडावा म्हणून ती क्षणभर थांबली. फार नाही, चहाचा घोट गिळायला लागेल एवढंच. नजर नकळत टेबलावर गेली.

मिओरीचा खांदा वळला. अख्खा.

"डी-सान, तुम्हाला काय वाटतं?"

मऊ आवाज, बरोब्बर उंची, मधे बरोब्बर श्वास. चिनात्सुने जसा शिकवला तस्साच. आणि चिनात्सुच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं,

"मला... अजून नीट सुचत नाहीये. माफ करा."

झालं!

तिचं तिलाच ऐकू आलं. ए पुढे वाकला. "दडपण घेऊ नका हं." एफ म्हणाली, "सावकाश, आपल्याकडे वेळ आहे." सी म्हणाला, "अगदी छोटीशी गोष्ट असली तरी चालेल." ई नुसताच तिच्याकडे प्रेमाने बघत राहिला, त्याला काही उरलंच नव्हतं. प्रोफेसरांची पेनं चालायला लागली. पाच जणांचे चेहरे कसे उजळले होते! विचारत होते तिला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते तिकडे, पेनांकडे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिला क्षणभर बरं वाटलं. मान खाली, हात मांडीवर. ही जागा ओळखीची होती. इथे कोणी काही मागत नव्हतं. तिथेच राहावं, कोणीतरी पुढचं सगळं करून टाकावं, असं वाटलं तिला. मग तिने स्वतःला ओढून वर काढलं.

"मी विचार करत होते," ती म्हणाली. आवाज जरा टोचरा निघाला. "आपण सहा जणं केव्हापासून त्यांची गाडी काढून घ्यायच्या मागे लागलोय. ते गाडी घेऊन जातात कुठे, हे कोणीच विचारलं नाही. बायकोच्या थडग्यावर जात असतील. जुगाराला जात असतील. ते कळल्याशिवाय बस कुठून कुठे सोडणार?"

चांगला मुद्दा होता. अख्ख्या चर्चेतला एकमेव माणसाचा मुद्दा होता! एक प्रोफेसर तर मान वर करून हसला पण.

पण ए म्हणाला, "डी-सान, बोलल्याबद्दल खूप खूप आभार." जसे मुक्या पोराने पहिला शब्द काढल्यावर मानतात तसे. एफ-ने तोच मुद्दा उचलला आणि सुंदर करून परत मांडला. सी-ने त्यात भर घातली. आणि शेवटी सगळ्यांच्या वतीने सांगायची वेळ आली तेव्हा मिओरी म्हणाली, "बोलायला संकोचणाऱ्या सोबत्याला आम्ही वेळ दिला, आणि त्यातूनच आम्हाला सर्वात महत्त्वाचा प्रश्न मिळाला." तिला दुसरं काही म्हणता आलंच नसतं. असंच म्हणायचं असतं. चिनात्सुच्याच तोंडची वाक्यरचना होती ती.

बाहेर बस स्टॉपवर मिओरी उभी होती, नाक लाल, डोळे लाल.

"मी मुद्दाम नाही केलं! शप्पथ! खांदा आपोआप वळला!"

"माहितेय. मीच वळवायला लावला होता."

"पण तुम्ही तेच वाक्य का म्हणालात? तेच! शब्दाला शब्द! मला वाटलं मी मरते आता!"

"ते पण आपोआप."

मिओरी बघतच राहिली आणि मग रडता रडता फस्सकन हसली. चिनात्सुलाही हसू आलं. आईने पाठवलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, होते पिशवीत, वरून समुद्री शेवाळाचा चुरा लावलेले. गार होऊन दगड झाले होते. दोघींनी एकेक खाल्ला.

"मी पास झाले आणि तुम्ही नाही झालात तर?"

"तर जा गप शिकायला. मला आभाराचं पत्र मात्र पाठवू नकोस. पाठवलंस तर येऊन मारीन."

मिओरी पास झाली. चिनात्सु नाही झाली. राखीव यादीतसुद्धा नाही. क्लासमधल्या स्क्रीनवर स्वतःचा नंबर शोधताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं फक्त जांभई. एवढी मोठी जांभई की डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारच्या पोराला वाटलं ती रडतेय.

माकिनो सर तिला जिन्यात भेटले. म्हणाले, "कायमची ये ना इथे. पूर्ण पगार. मुलाखतींचा सगळा विभाग तू बघ."

"नको सर."

"विचार तरी कर. तुझ्यासारखं माणूस मला कुठे मिळणार?"

"जाहिरात द्या. गप्प बसणारी माणसं खूप आहेत, फक्त अर्ज करत नाहीत."

सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि स्टेशनपर्यंत ओढत नेली. बर्फातून चाकं चालत नव्हती, तर उचलून घेतली.

घरी पोचली तेव्हा दुपारचा दवाखाना उघडायला थोडा वेळ होता. बाबा पांढरा कोट घालून हीटरजवळ बसले होते. आईने फोनवर सगळं ऐकलं होतं, ती नुसती चहा ठेवून आत गेली.

"बाबा, मी परत नाही बसणार."

बाबांनी मान हलवली. मग हीटर जरा तिच्याकडे वळवला.

"एक विचारू? तुला खरंच डॉक्टर व्हायचं होतं का?"

इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं हे. मुलाखतीत विचारतात, पण तिथलं उत्तर पाठ असतं.

"पहिली दोन वर्षं, हो. खूप."

"आणि नंतर?"

"नंतर परीक्षा पास व्हायचं होतं."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उन्हाळ्यापर्यंत चालवतो मी. पेशंटांची सोय लावायला तेवढे दिवस लागतील. मग बंद."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल की. तुला काय वाटलं, नाही वाटणार?" ते जरा चिडूनच म्हणाले, आणि मग आवाज खाली आला. "पण तू नाही आलीस म्हणून नाही वाटणार. ते वेगळं. जा, झोप जा. चेहरा बघ तुझा."

"माझा चेहराच असा आहे."

"कोण म्हणतं? लहानपणी असा नव्हता. शेजारीपाजारी कानात बोटं घालून बसायचे इतकी बडबड करायचीस."

ती वर गेली. आईने गादी घालून ठेवली होती, जाड रजई. कपडे न बदलताच ती आडवी झाली. खालून दार सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी बूट झटकले, खोकलं. मग बाबांचा आवाज. गोळी जेवल्यावर घ्यायची, जेवल्यावर. आधी नाही. समोरच्याला ऐकू कमी येत असणार, कारण बाबांनी ते परत सांगितलं, जरा मोठ्याने, न चिडता. समोरचा म्हणाला, "हो हो, जेवायच्या आधी." बाबांनी तिसऱ्यांदा सांगायला सुरुवात केली, पण ते पूर्ण व्हायच्या आत चिनात्सुला झोप लागली होती.