बियाण्याची गोणी

मध्यंतरी आईचा बँकेचा एक फॉर्म भरत होतो. व्यवसायाच्या रकान्यापाशी अडलो आणि काय लिहू म्हणून तिला विचारलं. ती गोठ्यात गवताचा भारा सोडत होती. तिथूनच म्हणाली, घरीच असते असं लिही. मी ‘गृहिणी’ लिहिलं, तिने सही केली. त्या दिवशी तोवर तिने दोन म्हशींच्या धारा काढल्या होत्या, घरच्यांच्या आणि मजुरांच्या भाकरी थापल्या होत्या आणि टोमॅटोच्या दोन ओळी सुतळीने बांधल्या होत्या. सायखेड्याजवळच्या आमच्या गावात बाई ‘घरीच’ असते म्हणजे शेवटच्या बांधापर्यंत कुठेही असू शकते.

मी तिचा थोरला. पन्नाशी ओलांडलेला, नाशिकला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला. कोणता माल कोणत्या रॅकवर आहे आणि तो विचारल्याशिवाय कुणी हलवत नाही ना, हे पाहण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कळायचंच आहे.

आईचं माहेर कळवणकडचं. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी वडिलांनी विकत आणलेलं बी फसलं, निम्मे कांदे जोड निघाले, तेव्हा ती माहेरी जाऊन उन्हाळ कांद्याचं बी घेऊन आली. तेव्हापासून आमच्याकडे कांद्याचं बी विकत आलेलं नाही. ते ती दरवर्षी घरीच धरते. चैत्रात कांदा निघाला की चाळीत भरतात. चाळ म्हणजे जाळीच्या भिंतींची, वारा खेळणारी लांबोडी खोली. त्यातले चार-पाच गोण्या कांदे आई बीसाठी बाजूला काढते आणि दर पंधरा दिवसांनी खाली बसून पुन्हा निवडते. कोंब आला तो भाजीत. मऊ पडला तो उकिरड्यावर. मान जाड वाटली तो बाजारात. अशी निवड सहा महिने चालते आणि दसऱ्याला एक गोणी उरते. तेवढेच कांदे बीचे. त्यांचे माथे कापून ते पुन्हा जमिनीत लावायचे. थंडीत त्यांना दांडे येतात, दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गेंद येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यातून काळं बी झडतं. या पिकाला आम्ही डोंगळे म्हणतो.

हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा नव्हतं. लहानपणापासून ते माझ्यासमोर चालू होतं, पण निवडणं हे बायकांचं बसून करायचं काम, त्याकडे मी कधी धड पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, रविवारी, गाडी घेऊन गावी गेलो. आई रानात होती. निघताना वडील म्हणाले, कांदे घेऊन जा थोडे. मी चाळीत गेलो. समोर ढीग होता, पण त्यात कोंब दिसत होते. मी शेतकऱ्याचा मुलगा, कोंबाचा कांदा कसा नेणार? कोपऱ्यात जुन्या लुगड्याने झाकलेली एक गोणी सापडली. एकसारखे, तांबूस, घट्ट मानेचे कांदे. एकालाही कोंब नाही. मला माझ्या पारखीचा अभिमान वाटला. गोणी डिकीत टाकली.

संध्याकाळी सोसायटीत अकरा घरी पिशव्या वाटल्या. प्रत्येक दारात, आमच्या शेतातले आहेत, खत-औषध कमी, वगैरे दोन मिनिटं बोललो. बायको म्हणाली, उद्यापासून निम्मी सोसायटी नऊ दिवस कांदा-लसूण खाणार नाही आणि तुम्ही आज कांदे वाटताय. मी म्हणालो, कांदा टिकतो. हे तेवढं खरं बोललो.

बुधवारी दुपारी आईचा फोन आला. एरवी ती आधी जेवलास का विचारते.

“कोपऱ्यातली गोणी तू नेली का?”

“हो. छान होते कांदे.”

ती म्हणाली, “ते बीचे होते.”

मी म्हणालो, अगं मला काय माहीत. ती म्हणाली, लुगडं झाकलं होतं ना. मी म्हणालो, लुगड्यावर काही लिहिलं नव्हतं. हे मी माझ्या आईला म्हणालो, ते लिहिताना आत्ताही कान गरम होतात. तिने एवढंच विचारलं, किती खाल्ले. मी खरं सांगितलं, की वाटले.

दुसरीकडून बी आणता आलं नसतं का, हे मी नंतर वडिलांना विचारलं. आईने माहेरी भावजयीला परत दिलं होतं, गावात दोघींना दिलं होतं. पण त्यांचे डोंगळे दुसऱ्यांच्या डोंगळ्यांना लागून होते. मधमाशा इकडच्या तिकडे जातात आणि बी भेसळीचं होतं. आमचं रान नदीच्या वळणावर एका बाजूला, म्हणून आमचं राहिलं. म्हणजे पुढच्या वर्षीच्या बीसाठी निवडलेला कांदा आता फक्त माझ्या सोसायटीत होता.

मी ग्रुपवर मेसेज टाकला: ‘रविवारी दिलेले कांदे शिल्लक असल्यास कृपया परत करावेत.’ पहिलं उत्तर तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त काकांचं आलं, “भाव वाढले काय?” त्याखाली सात जणांचे हसरे चेहरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. कामाच्या दिवसांत ती नाशिकला येत नाही, माझ्या ऑपरेशनलाही एक रात्र राहून परत गेली होती, म्हशी दुसऱ्या कुणाला लावून घेत नाहीत म्हणून. नवरात्रात ती अनवाणी असते आणि उपवासही असतो. एसटीने आली, सोबत चाळीतल्या ढिगातले गोणीभर कांदे. चहा घेतला आणि म्हणाली, चल.

मी म्हणालो, मी एकटा जातो, तू बस. खरं तर तिला घेऊन दारोदार कांदे मागत फिरायची मला लाज वाटत होती. तिच्या ते लक्षात आलं असावं.

“तुला ओळखू येतील का?” तिने विचारलं. तिथे माझी पारख संपली.

ती पुढे, मी मागे पाठीवर गोणी घेऊन. लिफ्टने चल म्हटलं तर पायऱ्याच बऱ्या म्हणाली. प्रत्येक दारात ती आधी दुसरे कांदे द्यायची, एकाला दोन या हिशेबाने, आणि मग आपले मागायची. बायकांशी सगळं सरळ चाललं. समोरच्या काकूंनी नवरात्रामुळे पिशवीला हात लावला नव्हता. वरच्या मजल्यावरही तसंच. बायकोचं बोलणं मी उडवून लावलं होतं, पण त्या नऊ दिवसांच्या सोवळ्यानेच निम्मे कांदे वाचवले. एका घरी रविवारीच भजी झाली होती. त्यांनी भजी फार छान झाली म्हणून आईला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, व्हायचीच.

निवृत्त काकांनी फ्रिजमधून कांदे काढून दिले. आईने एक हातात घेतला, गालाला लावून ओल पाहिली आणि सगळे परत केले. काका चिडले. आम्ही तर जपून ठेवले, म्हणाले. आई म्हणाली, “दादा, लय जपले तुम्ही. हे आता खाऊन टाका.”

काकांनी विचारलं, असं या कांद्यात विशेष काय आहे. मला वाटलं, आता ती माहेरचं, इतक्या वर्षांचं काहीतरी सांगेल. मी तर सांगायला तयारच होतो.

“कोंब काढायची घाई नाय करीत,” ती म्हणाली आणि पुढच्या जिन्याला लागली.

दुपारी आमच्या हॉलमध्ये फरशीवर बसून तिने सगळे निवडले. पिशवीत दबलेले बाजूला, पाणी लागलेले बाजूला. बायको तिच्यासमोर बसून पाहत होती आणि थोड्या वेळाने तीही निवडायला लागली. आई तिने ठेवलेल्यातला एखादा उचलून परत दुसऱ्या बाजूला टाकायची. शेवटी जे उरले ते गोणीच्या तळाशी बसले. निम्म्याहून थोडे कमी. मी विचारलं, पुरतील का.

“सगळ्या रानाला नाय. पण मोडायचं नाय ते.”

मी माफी मागायला सुरुवात केली. ती म्हणाली, तुझं राहू दे, मला तीनची गाडी आहे.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी रजा टाकून गावी गेलो, लागवडीला. माथे कापायचं काम मागून घेतलं. पहिले पाच मी इतके खोल कापले की आतला कोंबच गेला. आईने विळी काढून घेतली आणि मला पाणी धरायला पाठवलं. सबंध थंडीभर मी दर रविवारी जाऊन ते दांडे मोजत होतो. वडील म्हणायचे, हा इतका तर मुलांच्या शाळेत कधी गेला नाही.

उन्हाळ्यात बी निघालं. चोळून, पाखडून, सावलीत वाळवून आईने ते मापलं. निम्म्या रानाचं झालं. दुसऱ्या निम्म्याला त्या कार्तिकात पहिल्यांदा दुकानाची पुडी आली. वडिलांनी तिला न विचारता आणली नाही, आणि तिनेही नको म्हटलं नाही. फक्त दोन्ही रोपांच्या वाफ्यांमध्ये एक सरी मोकळी सोडायला लावली.

सगळं बी पेरायच्या आधी तिने त्यातलं ओंजळभर काढून स्टीलच्या डब्यात भरलं. एका जागी ठेवलं की असं होतं, म्हणाली. तो डबा नाशिकला आमच्याकडे राहणार होता. मी हात पुढे केला. तिने डबा माझ्या बायकोकडे दिला, झाकण कसं लावायचं ते दाखवलं, आणि दर महिन्याला एकदा उघडून वास घ्यायला सांगितलं. कुबट आला तर लगेच फोन कर, म्हणाली.

बायको दर महिन्याला वास घेते. मलाही घेऊ देते, डबा स्वतःच्याच हातात धरून.