द्राक्षाच्या मापाची कडी

गाडीवाल्याने सफरचंद बाहीला पुसून पुढे केलं. "डोळे झाकून घ्या, काका. फॉरेनचं आहे!"

डोळे झाकणं मला शिकवायला नको. निर्यातीच्या द्राक्षांवर मी तपासनीस होतो. श्रीमंत देशांनी ठरवलेल्या मापाच्या कडीतून द्राक्षाचा मणी निसटला, की माल नापास. तिकडचा बाजार भरला, की कडी मोठी व्हायची. त्या लबाडीला आम्ही गुणवत्ता म्हणायचो. त्यांच्या मेण फासलेल्या फळांना मात्र इथे पायघड्या.

बागाईतदार केराबाईंनी एकदा विचारलं, "सायेब, ह्ये त्यांच्या नरड्याचं माप हाय व्हय?" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्यांच्या सगळ्या पेट्यांवर 'निकृष्ट' लिहिलं.

केराबाई, तुमची द्राक्षं उत्तम होती. शेरा लिहिण्याआधी मी ती चाखली होती.